खाडे, बेटं आणि कॉडसाहेब

डीबीएमएसच्या ओरलला एक प्रश्न ठरलेला असतो. कॉडचे बारा नियम सांगा. मग आपण डोळे मिटून सुरुवात करतो आणि पाचव्या-सहाव्या नियमाला गाडी अडते. गंमत म्हणजे हे बारा नियम मोजले तर तेरा भरतात, कारण त्यांची सुरुवात शून्यापासून होते. मीसुद्धा ते आदल्या रात्री पाठ केले, सकाळी एक्स्टर्नलसमोर ओकले आणि दुपारी कँटीनमध्ये वडापाव खाता खाता विसरून गेलो. हा कॉड नावाचा माणूस कोण, कुठला, त्याने हे सगळं कशासाठी केलं, असा प्रश्न काही मला तेव्हा पडला नाही.

तो पडला टी.ई.नंतरच्या सुट्टीत, एका नोटिशीमुळे. आणि ती नोटीस निघाली होती माझ्याच चुकीमुळे. म्हणून हा लेखप्रपंच.

झालं असं, की सुट्टीत मला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इंटर्नशिप मिळाली. (नाव सांगत नाही.) काम टाइम ऑफिसात. गेटवरच्या पंचिंग मशीनचा डेटा घ्यायचा आणि कामगारांच्या खाड्यांचा गोषवारा काढायचा. महिन्यात एकूण किती खाडे झाले एवढंच नको होतं, ते तर मस्टर बघून कुणीही मोजेल. हवं होतं ते असं, की कोण कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत सलग आला नाही. कारण तिथला नियम असा होता, की न कळवता सलग दहा दिवस खाडे झाले की कारणे दाखवा नोटीस निघायची आणि खुलासा होईपर्यंत गेटपास बंद.

टेबलात प्रत्येक कामगाराची कामाच्या दर दिवसाला एक ओळ होती, हजर किंवा गैरहजर. मी साधा लूप लावला. ओळी एकामागून एक वाचायच्या. गैरहजर दिसला की मोजणी एकने वाढवायची, हजर दिसला की पुन्हा शून्य. झालं! मागच्या दोन महिन्यांच्या डेटावर चालवून बघितला, उत्तर बरोबर आलं. साहेब खूश, मी तर हवेतच.

पुढच्या महिन्यात मागच्या गेटचं मशीन दोन दिवस बिघडलं. त्या गेटने येणाऱ्यांच्या दोन दिवसांच्या ओळी तेव्हा चढल्याच नाहीत. नंतर कुणीतरी त्या पेन ड्राइव्हवर आणून टेबलात ओतल्या, आणि त्या जाऊन बसल्या सगळ्यात शेवटी. बाकीच्यांना याने काही फरक पडला नाही. एकाला पडला.

पेंट शॉपला एक मामा आहेत. बायको आजारी म्हणून ते सहा दिवस आले नव्हते. मग दोन दिवस आले. तेवढ्यात तिला पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं आणि आणखी पाच दिवस गेले. सहा आणि पाच, दोन्ही दहाच्या आतले. पण माझ्या लूपला मधल्या दोन हजेऱ्या दिसल्याच नाहीत, कारण त्या ओळी टेबलाच्या तळाशी होत्या. सहा अधिक पाच अकरा. नोटीस निघाली, गेटपास बंद झाला आणि मामा दोन दिवस गेटबाहेर उभे राहून परत गेले.

तिसऱ्या दिवशी ते टाइम ऑफिसात आले, हातात कालनिर्णयचं पान. ज्या दिवशी कामावर गेले नाहीत त्या त्या चौकोनात निळ्या पेनाने फुली. ५ पासून १० पर्यंत फुल्या, ११ ला रविवार, १२ आणि १३ चे चौकोन कोरे, १४ पासून १७ पर्यंत पुन्हा फुल्या, १८ ला रविवार, आणि १९ ला शेवटची फुली. डेटाबेस या शब्दाशी मामांचा काही संबंध नाही. पण त्यांचं टेबल बरोबर होतं आणि माझं चूक होतं. माझ्यासारख्या एकवीस वर्षांच्या पोराला ते साहेब म्हणून हाक मारत होते आणि माझी मान वर होत नव्हती.

त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा परीक्षा नसताना डीबीएमएसचं पुस्तक उघडलं. तिथून पोचलो कॉड यांच्या १९७० सालच्या मूळ निबंधापर्यंत. पहिल्या दोन पानांतच माझी चूक नावानिशी हजर! ओळी ज्या क्रमाने साठवल्या आहेत त्या क्रमावर प्रोग्रामने विसंबून राहणं, हा त्यांनी सांगितलेला पहिला दोष. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी या माणसाने माझा लूप तपासून नापास करून ठेवला होता. मग मात्र हा माणूस कोण हे शोधल्याशिवाय राहवेना.

एडगर फ्रँक कॉड, मित्रमंडळींत टेड. जन्म १९ ऑगस्ट १९२३, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावर. सात भावंडांत धाकटे. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शाळेत शिक्षिका. हुशार पोरगा शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात गेला, रसायनशास्त्र घेतलं. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलेलं. शिकत असल्यामुळे त्यांना सैन्यभरतीतून सवलत मिळू शकत होती. पण १९४२ मध्ये ते स्वतःहून हवाई दलात गेले आणि समुद्रावर गस्त घालणाऱ्या कोस्टल कमांडमध्ये सुंदरलँड जातीची, पाण्यावर उतरणारी अवजड विमानं उडवू लागले. युद्ध संपल्यावर पुन्हा ऑक्सफर्ड, पण आता रसायन सोडून गणित. पदवी हातात पडली १९४८ मध्ये.

आपल्याकडे एक वर्ष वाया गेलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. इथे बघा. पदवीनंतर साहेब अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात पुरुषांच्या खेळाच्या कपड्यांच्या विभागात चक्क सेल्समन झाले! मग टेनेसी विद्यापीठात सहा महिने गणित शिकवलं. १९४९ मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रामिंग करणारे गणिती म्हणून लागले. तेव्हाचा तो एसएसईसी नावाचा अवाढव्य संगणक न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरून जाणाऱ्यांना काचेतून दिसायचा म्हणे.

मग आला १९५३ चा काळ. सिनेटर मॅकार्थी यांनी अमेरिकेत कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली भल्याभल्यांच्या मागे चौकशीचा ससेमिरा लावला होता. स्वतः युद्धात उतरलेल्या कॉड यांना हा प्रकार सहन झाला नाही. चांगली नोकरी सोडून ते कॅनडात ओटावाला निघून गेले. एखादी गोष्ट पटली नाही तर गप्प बसायचं नाही हा त्यांचा स्वभाव पुढे आयबीएमलाही चांगलाच कळणार होता.

१९५७ मध्ये ते आयबीएममध्ये परतले. स्ट्रेच नावाच्या मोठ्या संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम कसे चालवायचे यावर काम केलं. आपण ओएसमध्ये मल्टिप्रोग्रामिंग म्हणून शिकतो, तेच. मग चाळिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला! मिशिगन विद्यापीठातून १९६५ मध्ये पीएच.डी. केली. विषय होता स्वतःचीच प्रत तयार करणारं यंत्र. जॉन फॉन नॉयमन यांच्या अशा यंत्रात प्रत्येक पेशीच्या २९ अवस्था लागत होत्या, कॉड यांनी ते काम ८ अवस्थांत बसवलं. कमीत कमी सामान वापरून जास्तीत जास्त करायचं, ही खोड तेव्हापासूनची.

साठच्या दशकाच्या शेवटी ते कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत आले. तेव्हा मोठ्या कंपन्यांचा डेटा कसा ठेवत असत? आयबीएमचंच आयएमएस घ्या. त्यात माहिती झाडासारखी, आई-मूल-नातवंडं अशी. एखादी नोंद हवी तर मुळापासून फांदीफांदीने पॉइंटर पकडत उतरायचं. हा रस्ता प्रोग्रामरला माहीत हवा. उद्या कुणी फांदी हलवली, साठवायचा क्रम बदलला, की चालणारे प्रोग्राम धडाधड कोसळणार. साहेबाला एक साधा नवा प्रश्न पडला तरी त्याच्यासाठी पानंच्या पानं प्रोग्राम लिहा!

कॉड यांनी गणितीच्या नजरेने बघितलं. त्यांचा पहिला अहवाल आयबीएमच्या अंतर्गत निघाला १९ ऑगस्ट १९६९ ला, म्हणजे नेमका त्यांच्या शेहेचाळिसाव्या वाढदिवशी. मग जून १९७० मध्ये एसीएमच्या मासिकात तो प्रसिद्ध निबंध आला. अवघी अकरा पानं. त्यात त्यांनी तीन दोष दाखवले. प्रोग्राम विसंबून राहतो तो ओळींच्या क्रमावर, इंडेक्सवर आणि डेटापर्यंत जायच्या वाटेवर. हे तिन्ही काढून टाका, असं त्यांचं म्हणणं. माहिती ठेवा साध्या टेबलात. टेबल म्हणजे ओळींचा संच. संचात पहिला-दुसरा असं काही नसतं आणि एकच वस्तू दोनदा नसते. ओळी पत्त्यांसारख्या पिसल्या तरी अर्थ बदलता कामा नये. जी काही माहिती असेल ती ओळीच्या आतल्या किमतींत असली पाहिजे, ओळ कुठे बसली आहे यात नाही.

हे वाचलं आणि मला कालनिर्णयचं पान आठवलं. मामांच्या पानावरचे चौकोन कात्रीने कापून टेबलावर विखरून टाकले असते तरी माहिती शाबूत राहिली असती, कारण प्रत्येक फुलीसोबत तिची तारीख होती. माझ्या लूपने तारखेकडे बघितलंच नव्हतं. त्याने बघितलं होतं ते शेजारी कोण बसलंय एवढंच.

आता वाटेल, एवढी भारी कल्पना म्हटल्यावर आयबीएमने त्यांना डोक्यावर घेतलं असेल. छे! आयएमएस चांगलं विकलं जात होतं. घरातल्याच माणसाने घरातला चालू धंदा चुकीच्या पायावर उभा आहे म्हणायचं, हे कुणाला आवडणार? शिवाय निबंधातलं गणित बघून बऱ्याच जणांना हे फक्त कागदावरचं वाटलं. संगणक इतकी जोडाजोड करेपर्यंत संध्याकाळ होईल, असा आक्षेप होता. १९७४ मध्ये अ‍ॅन आर्बरला एका परिषदेत कॉड आणि चार्ल्स बाकमन यांचा जाहीर सामनाच झाला. बाकमन म्हणजे पॉइंटरच्या वाटेने डेटात फिरायच्या पद्धतीचे अध्वर्यू, आदल्याच वर्षी ट्युरिंग पुरस्कार मिळालेले. पण ऐकणाऱ्यांत तरुण मंडळी होती, आणि पानभर प्रोग्रामचं काम कॉड एका ओळीत करून दाखवतात हे त्यांना दिसत होतं.

त्यातूनच पुढची रांग उभी राहिली. आयबीएमने सिस्टम आर हा प्रयोग सुरू केला. तिथे डॉन चेंबरलिन आणि रे बॉइस यांनी सीक्वेल नावाची भाषा तयार केली. नावावर दुसऱ्या एका कंपनीचा हक्क निघाला म्हणून तिचं झालं एसक्यूएल. (हे बॉइस म्हणजे आपल्या बीसीएनएफमधले बी. १९७४ मध्ये अगदी तरुण वयात गेले.) तिकडे बर्कलेला मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इन्ग्रेस बांधलं. छापून आलेले निबंध वाचून लॅरी एलिसन यांच्या कंपनीने १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलंसुद्धा. ज्यांच्या घरात कल्पना जन्मली त्या आयबीएमचं एसक्यूएल/डीएस आलं १९८१ मध्ये आणि डीबी-२ आलं १९८३ मध्ये. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पण साहेब समाधानी नव्हते. एसक्यूएल ही त्यांची स्वतःची भाषा नाही, हे मला माहीतच नव्हतं. त्यांची एक मोठी तक्रार अशी, की एसक्यूएल टेबलात तीच ओळ दोनदा येऊ देते. संचात असं कसं चालेल? १९८३ मध्ये ते पडले आणि त्यांना गंभीर दुखापत झाली. १९८४ मध्ये आयबीएम सोडलं आणि क्रिस डेट यांच्यासोबत सल्लागाराचं काम सुरू केलं. तोवर जो तो आपल्या जुन्याच मालावर रिलेशनल अशी चिठ्ठी लावून विकत होता. त्याला चाप म्हणून १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्डमध्ये त्यांनी ते बारा (म्हणजे तेरा!) नियम लिहिले. म्हणजे आपण पाठ करतो ते नियम परीक्षेसाठी नव्हते, ते फसवणुकीविरुद्ध होते. १९९० च्या पुस्तकात तर ही यादी ३३३ मुद्द्यांवर गेली. नशीब, ते सिलॅबसमध्ये नाही!

आता माझ्या खाड्यांकडे येतो. ओळींना क्रमच नाही म्हटल्यावर सलग दिवस शोधायचे कसे? मी दोन दिवस याच कोड्यात होतो. उत्तर कॉड यांच्याच म्हणण्यात आहे. क्रम ओळीत नाही, तारखेत आहे. तर मग तारखेलाच विचारा.

पहिली रीत अगदी संचाची. ज्या खाड्याच्या आदल्या दिवशी खाडा नाही, तो सलग गटाचा पहिला दिवस. ज्याच्या दुसऱ्या दिवशी खाडा नाही, तो शेवटचा. प्रत्येक पहिल्याला त्याच्यानंतरचा (किंवा त्याच दिवशीचा) सगळ्यात जवळचा शेवटचा जोडून द्या.

दुसरी रीत जास्त झटपट. एका कामगाराच्या खाड्यांना तारखेच्या क्रमाने १, २, ३ असे नंबर द्या. मग तारखेतून तो नंबर वजा करा. तारखा सलग असतील तर दोन्ही एकेकाने वाढतात, म्हणून वजाबाकी तीच राहते. मध्ये खंड पडला की वजाबाकी बदलते. मामांचे खाडे घ्या. ५ ते १० ला नंबर १ ते ६, वजाबाकी सगळीकडे ४. १४ ते १७ ला नंबर ७ ते १०, वजाबाकी ७. आता कामगार आणि वजाबाकी यांवर ग्रुप बाय करा. गटातली सगळ्यात लहान तारीख म्हणजे पासून, सगळ्यात मोठी म्हणजे पर्यंत, आणि ओळींची मोजणी म्हणजे किती दिवस. ना लूप, ना शेजाऱ्याकडे बघणं.

पण थांबा. १९ तारखेचा नंबर ११, वजाबाकी ८. म्हणजे १९ वेगळी पडली! कारण १८ ला रविवार होता. कारखान्याच्या हिशेबात १७ आणि १९ सलगच. म्हणून कॅलेंडरचं वेगळं टेबल करायचं आणि त्यात फक्त कामाच्या दिवसांना नंबर द्यायचे. ५ तारीख १, १० तारीख ६, १२ तारीख ७, असं करत १४ तारीख ९, १७ तारीख १२ आणि १९ तारीख १३. आता तारखेऐवजी कामाच्या दिवसाच्या नंबरातून वजा करा. पहिल्या सहा खाड्यांना ० येतो, नंतरच्या पाचही खाड्यांना २. दोन गट, सहा आणि पाच. मामा म्हणत होते तेच!

एक खड्डा अजून आहे. तीच तारीख चुकून दोनदा चढली तर नंबर एकने पुढे सरकतो आणि सलग गटाचे दोन तुकडे होतात. माझ्या डेटात अशा जोड्या निघाल्याच. म्हणून आधी डिस्टिंक्ट करा, मग नंबर द्या. कॉडसाहेब दोनदा येणाऱ्या ओळींवर एवढे का चिडायचे ते तेव्हा डोक्यात शिरलं.

डेटाबेसवाले या कोड्याला बेटं आणि मधल्या फटी असं म्हणतात. आपल्या मराठीत बेटं आणि खाड्या म्हटलं की खाडेसुद्धा त्यात आपोआप येतात! सहज म्हणून मी कॉड यांच्या आयबीएममधल्या हजेरीचा गोषवारा काढला. दोन बेटं येतात. १९४९ ते १९५३ आणि १९५७ ते १९८४. मधला खाडा विनापरवाना नव्हता, तत्त्वासाठी होता. असा खाडा कुठल्याच क्वेरीत दिसत नाही. क्वेरी पासून-पर्यंत सांगते, का ते सांगत नाही. बायको दवाखान्यात होती हेही माझ्या टेबलात कुठल्याच रकान्यात नव्हतं.

पोर्टलंड बेटावर जन्मलेले कॉड गेले तेही बेटाचंच नाव असलेल्या ठिकाणी. फ्लोरिडातल्या विल्यम्स आयलंड इथल्या घरी, १८ एप्रिल २००३ ला, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. त्याच वर्षीच्या एसक्यूएलच्या मानकात ओळींना नंबर द्यायची ती सोय आली, जी मी वर वापरली. तिच्यात नंबर कशाच्या क्रमाने द्यायचा ते तिथेच लिहायचं असतं. क्रम हवा असेल तर तो किमतीवरून मागा, गृहीत धरू नका. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, डेटाबेस संशोधनातल्या सिगमॉडच्या मोठ्या पुरस्काराला त्यांचं नाव दिलं गेलं.

मामांची नोटीस लेखी मागे घेतली गेली. गेटबाहेर गेलेल्या दोन दिवसांचा पगार मात्र बसत नाही म्हणून मिळाला नाही. मी स्टायपेंडमधून द्यायला गेलो, त्यांनी घेतला नाही. उलट मलाच चहा पाजला आणि मशीन बरोबर झालं का ते विचारलं. मशीन बिघडलं नव्हतं, मी चुकलो होतो, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले फक्त.

तेव्हा मित्रांनो, ओरलला बारा नियम आठवले नाहीत तर फार तर दोन मार्क जातील. पण ओळी आपोआप ओळीने येतील या भरवशावर क्वेरी लिहू नका. त्या ओळीच्या पलीकडे कुणीतरी गेटबाहेर उभं असू शकतं.

– टी.ई. संगणक